सीबी रेडिओवर ऐकू येतं, पण आपलं कुणाला जात नाही : अँटेना बदलण्याआधी काय तपासायचं

सीबी म्हणजे ट्रकवाल्यांचा एकमेकांशी बोलायचा, वॉकीटॉकीसारखा रेडिओ. आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्या ट्रकला लागू पडत असेल तर पुढचं वाचा.

- १९ नंबर चॅनलवर शेजारून जाणारा ट्रक खणखणीत ऐकू येतो, मैलभर पुढे गेला की गायब.
- दहा वेळा ‘रेडिओ चेक’ म्हणून ओरडलात तरी उत्तर नाही, किंवा ‘तुझा आवाज विहिरीतून येतोय’ असं कुणीतरी सांगतो.
- माइकचं बटण दाबलं की रेडिओवरचा अँटेनाचा लाल दिवा पेटतो.
- दार उघडं असताना चालतो, बंद केलं की मरतो. कधी याच्या उलट.
- पाऊस झाला की दोन दिवस बंद, ऊन पडलं की आपोआप सुरू.
- पाच मिनिटं बोललं की रेडिओची मागची बाजू तव्यासारखी तापते.

मी स्टॉकटनजवळच्या एका ट्रक यार्डात अकरा वर्षं वायरिंगची कामं करतो. त्याआधी सिन्नरला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या लाइटी जोडायचो. कॅलिफोर्नियात माझ्याकडे येणारे निम्मेअधिक ड्रायव्हर पंजाबी, अधूनमधून एखादा मराठी. मोबाइल असताना सीबी कशाला, असं नवी पोरं विचारतात. आय-८० महामार्गावर डॉनर समिटच्या घाटात, ७,२०० फुटांवर, बर्फात मोबाइलची रेंज गेली आणि पुढे चाकांना साखळ्या लावायला थांबवतायत की रस्ताच बंद आहे हे कळेना झालं, की तीच पोरं परत येऊन रेडिओ जोडून मागतात.

आणि मग हेच दुखणं. प्रत्येक जण येतो तो नवा अँटेना हातात घेऊनच. जुना काढून नवा लावलेला असतो, तरी रोग तसाच. कारण अँटेना क्वचितच बिघडतो. बिघडते ती त्याच्या बुडाची जोडणी.

हे का, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी डोक्यात बसेल. सीबीच्या लहरीची लांबी साधारण ११ मीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे पावणेतीन मीटर, नऊ फूट, हा अँटेनाचा खरा आकार. नऊ फुटी काठी आरशाच्या दांड्यावर कोण लावणार? म्हणून चार फुटी फायबरच्या काठीवर तार गुंडाळून ती लांबी भरून काढतात. पण काठी झाली तरी ती निम्मीच. दुसरा निम्मा अँटेना म्हणजे तुमच्या ट्रकचं लोखंड आणि ॲल्युमिनियम. काठी त्या धातूशी नीट जोडलेली नसेल तर एका पायावर उभं राहून कुस्ती खेळल्यासारखं आहे.

एक पैसाही न लागणारी तपासणी

रेडिओच्या तोंडावरची बटणं बघा. हसू नका, यात मी स्वतः फसलोय. ‘सीबी’ आणि ‘पीए’ असा एक स्विच असतो. पीएवर गेला की तुमचा आवाज अँटेनाकडे न जाता बाहेरच्या भोंग्याकडे जातो, आणि तो भोंगा आपण कधी लावलेलाच नसतो. डॅशबोर्ड पुसताना फडक्याने हा स्विच हमखास सरकतो.

त्याच्या शेजारी ‘आरएफ गेन’ची, म्हणजे किती लांबचं पकडायचं ते ठरवणारी चकती असते. ती पूर्ण उजवीकडे. डावीकडे फिरली असेल तर जवळचेच ट्रक ऐकू येतात, म्हणजे वरचं पहिलं लक्षण जसंच्या तसं. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी चकती, डावीकडे फिरवत न्या, खरखर सुरू होईपर्यंत, मग ती जेमतेम थांबेल इतकाच मागे या.

मग माइक. मागची गोल जोडणी काढून, पिना वाकल्यात का बघून, परत बसवा. बटण दाबून धरा आणि कुरळी वायर माइकच्या बुडाशी हलवा. प्रक्षेपणाचा दिवा फडफडला तर वायर आतून तुटलीय, अँटेनाकडे जायचं कामच नाही. पण मित्राचा माइक लावून बघण्याआधी दोन्ही एकाच कंपनीचे आहेत ना, बघा. जोडणी दिसायला सारखी असते, आतल्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी.

डोळे आणि हात

ट्रक बंद करा, शिडी घ्या, वर विजेच्या तारा नाहीत ना हे बघा, मगच अँटेनाला हात लावा.

काठी बुडाशी धरून हलवा. हलली तर बोल्ट सैल आहे. टोकावरची टोपी आहे का? ती नसेल तर पाणी आत गेलं असणार. काठीवरून नख फिरवत न्या. झाडांच्या फांद्यांनी काठी पांढरी पडते, ते चालतं. पण एखाद्या जागी नख अडकलं आणि आत तांबडी तार दिसली, तर मात्र ती काठी गेली. नवा अँटेना घ्यायचं खरं कारण हे एवढंच.

आता केबल. आरशाच्या दांड्यावरून ती केबिनमध्ये जिथून शिरते, तिथे बोटांनी चाचपा. दाराच्या कडेला ती चेपून चपटी झालेली असते. वरून साल फाटलेली दिसतेच असं नाही, पण आतलं पांढरं प्लास्टिक सरकतं आणि मधली तार बाहेरच्या जाळीला टेकते. दार उघडबंद केल्यावर ज्यांचा रेडिओ जगतो-मरतो, त्यांचा चोर बहुतेक इथेच सापडतो.

रेडिओच्या मागची गोल जोडणी हाताने घट्ट करा. पकड लावू नका, रेडिओच्या बाजूची फिरून आतली तार तुटते.

मल्टीमीटर, आणि ती पांढरी चकती

पंधरा-वीस डॉलरचा साधा मल्टीमीटर पुरतो. बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. आता दोन गोष्टी आधी करायच्या, नाहीतर मीटर खोटं बोलेल. पहिली, केबल रेडिओपासून काढा. ती जोडलेली राहिली तर मीटरला रेडिओच्या काळ्या वायरमधून बॅटरीपर्यंत वाट मिळते आणि अर्थिंग, म्हणजे ट्रकच्या धातूशी जोडणी, नसतानाही आहे असं दिसतं. दुसरी, काठी तिच्या बोल्टवरून उतरवा. काही अँटेना बनवतानाच आतून असे जोडलेले असतात की मीटर बीप देतो, आणि माणूस नसलेला शॉर्ट शोधत बसतो. दोन अँटेना असतील तर दोन्ही काठ्या उतरवा.

आता केबलच्या टोकाची मधली पिन आणि बाहेरचं कडं, यांना मीटरच्या तारा लावा. बीप यायला नको.

आला? मग केबल आरशाजवळच्या खुंटीपासूनही, म्हणजे काठी ज्यावर बसते त्या जोडणीपासूनही, सोडवा. बीप गेला तर दोष खुंटीत, राहिला तर केबलमध्ये. दोन मिनिटांत निम्मा ट्रक बाद झाला.

खुंटीत दोष असेल तर तो जवळजवळ नेहमी एकाच जागी असतो. खुंटी आरशाच्या दांड्याला धरणाऱ्या धातूच्या कंसाच्या पट्टीला भोक असतं, त्यातून अँटेनाचा बोल्ट जातो. बोल्टला केबलची मधली तार, पट्टीला केबलची जाळी. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही, म्हणून मध्ये नायलॉनचा पांढरा वायसर असतो. त्याला एका बाजूला छोटी कॉलर असते. ती कॉलर भोकाच्या आत बसायला हवी, तरच बोल्ट भोकाच्या कडेला लागत नाही. लोक तो उलटा घालतात. पाना लावून इतकं आवळतात की तो दबून चिरतो. किंवा ‘हा जास्तीचा आला’ म्हणून खिशात टाकतात.

गेल्या हिवाळ्यात एक सरदारजी आले, वैतागलेले. तीन अँटेना आणि एक नवा रेडिओ घेऊन झाला होता. खुंटी सोडवली. वायसर वरून अगदी धड दिसत होता. नखावर धरून उजेडाकडे केला तेव्हा कॉलरला केसाएवढी चीर दिसली, आणि तिच्यात काळपट मळ भरलेला. बोल्ट तिथूनच पट्टीला टेकत होता. दोन डॉलरचा वायसर. ‘ओए’ एवढंच म्हणाले आणि बराच वेळ तो तळहातावर घेऊन बसले. तीनपैकी एक अँटेना अजून माझ्या शेडमध्ये पडलाय.

शॉर्ट नसेल तर उलट तपासणी. केबलची मधली पिन ते बोल्ट : बीप यायलाच हवा. बाहेरचं कडं ते कंस : यायलाच हवा. आणि शेवटी कंस ते बॅटरीचं ऋण टोक : ओहमवर ठेवून मोजा, १ ओहमच्या आत हवं.

इथेच बहुतेक नवे ट्रक नापास होतात. बॉनेट फायबरचं, आरशाचं कवच प्लास्टिकचं, दांडा रंगवलेला, आणि दार बिजागरीच्या ग्रीसवर लोंबकळतंय. कंस धातूचा आहे, पण तो कशालाच जोडलेला नाही. वर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बोल्टांत शिरून ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमवतं. कंस काढा, त्याच्या खालचा रंग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, दातेरी वायसर घालून आवळा. तेवढ्याने आकडा उतरला नाही तर कंसापासून केबिनच्या उघड्या धातूपर्यंत विणलेली चपटी अर्थिंगची पट्टी टाका. दार आणि केबिन यांच्यामध्येही एक. शक्य तितकी आखूड.

गोल वायर का नाही? मीटरला कोणतीही वायर चालते, बीप देतो. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीला लांब बारीक वायर ही भिंत असते. तिला रुंद आणि आखूड वाट लागते. म्हणून बीप आला म्हणजे काम झालं असं धरू नका.

एसडब्ल्यूआर मीटर

हे वापरायला लोक उगाच घाबरतात. रेडिओने पाठवलेल्या ताकदीतली किती परत येते, एवढंच तो सांगतो. १.५ आला तर सुमारे ४ टक्के परत येते. २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. कायद्याने आपल्याला एएमवर ४ वॅट मिळतात, ३ आला तर त्यातला चौथा हिस्सा परत फिरून रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला भाजायला लागतो. रेडिओची पाठ तापते ती यामुळे.

ट्रक मोकळ्या मैदानात न्या. शेड, दुसरे ट्रक, लोखंडी कुंपण यांपासून लांब. दोन्ही दारं बंद. दारं बंद हे मुद्दाम सांगतो, कारण खुंटी दारावरच्या आरशाला असते, दार उघडलं की अँटेनाची जागाच बदलते. पहिल्या वर्षी मी पत्र्याच्या शेडमध्ये, दार उघडं टाकून, एक पाय पायरीवर ठेवून ट्यूनिंग करायचो. आकडे झकास यायचे. ट्रक रस्त्याला लागला की फोन यायचा.

मीटर रेडिओ आणि केबल यांच्यामध्ये आखूड जोडकेबलने लावा. ‘फॉरवर्ड’वर ठेवून माइक दाबा, काटा खुणेवर आणा, मग ‘एसडब्ल्यूआर’वर सरकवून वाचा. चॅनल बदललं की खूण परत जुळवायची. १, १९ आणि ४० या तीन चॅनलांचे आकडे कागदावर लिहा. बोलण्याआधी चॅनल रिकामं आहे का ऐका, आणि ९ वर हे करू नका, ते आपत्कालीन आहे. माइक दाबलेला असताना काठीला कुणी हात लावायचा नाही, ४ वॅटलाही चटका बसतो.

तिन्हीकडे ३ च्या वर असेल तर लगेच थांबा. ट्यूनिंगने हे बरं होत नाही. शॉर्ट, तुटलेली तार किंवा अर्थिंग, यातलं काहीतरी राहून गेलंय. मागे जा.

१ वर जास्त आणि ४० वर कमी : अँटेना आखूड पडतोय, लांब करा. ४० वर जास्त : लांब आहे, आखूड करा. फायबरच्या काठीच्या टोपीखाली बहुतेक वेळा स्क्रू असतो, बाहेर काढला की लांबी वाढते. अर्धा सेंटिमीटर फिरवा, शिडीवरून उतरा, दार लावा, मोजा. परत. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही. १९ वर १.५ च्या आसपास आलं की सोडून द्या. १.२ साठी दुपार घालवणारे पुष्कळ पाहिलेत, समोरच्याला ऐकताना काडीचा फरक कळत नाही.

आणि आकडा फारच गोड आला तर संशय घ्या. तिन्ही चॅनलांना १.१, पण कुणाला ऐकू जात नाही? मग केबलमध्ये पाणी आहे. भिजलेली केबल ताकद जाताना खाते, परत येतानाही खाते, त्यामुळे मीटरला परत येणारं काही दिसतच नाही. टोकाजवळ साल चिरून जाळी बघा. चमक हवी, तांबूस किंवा चंदेरी. काळी पडली असेल किंवा हिरवी झाली असेल, तर आख्खी केबल बदला. टोक कापून उपयोग नाही, पाणी जाळीतून फुटच्या फूट चढलेलं असतं.

दोन आरशांवर दोन अँटेना असतील तर

इथे दुकानदारही चुकतात. एका अँटेनाला ५० ओहमची केबल लागते, म्हणजे आरजी-५८ किंवा तशी. दोन अँटेनांच्या इंग्रजी व्ही आकाराच्या जोडकेबलीचे दोन्ही पाय मात्र ७५ ओहमचे, आरजी-५९ असतात, आणि प्रत्येक साधारण १८ फुटांचा. ही लांबी उगाच नाही. त्या केबलमध्ये लहर थोडी हळू धावते, तिथला पाऊण लहरीचा हिशोब १८ फूट येतो. त्यामुळे प्रत्येक ५० ओहमचा अँटेना दुसऱ्या टोकाला ११२ ओहमचा दिसतो, आणि असे दोन एकत्र आले की ५६. रेडिओला तेवढंच हवं असतं.

म्हणून ‘केबल जास्त आहे’ म्हणून एक पाय कापला की सगळा हिशोब गेला. एक काठी मोडली आणि उरलेल्या एकीवर त्याच जोडकेबलीने काम भागवायचं म्हटलं, तरी तेच. दोन्ही काठ्या एकाच बनावटीच्या, एकाच लांबीच्या घ्या, आणि स्क्रू फिरवताना दोन्हीकडे सारखे फिरवा. मागे झोपायची उंच केबिन (स्लीपर) असलेल्या ट्रकला काठीचा वरचा, दाट गुंडाळलेला भाग छताच्या वर राहील असं बघा.

इंजिनची घरघर

इंजिन बंद केल्यावर आवाज गेला का? मग एकेक वस्तू काढून बघा. डॅशकॅम, यूएसबी चार्जर, इन्व्हर्टर, एलईडी लाइट. स्वस्तातला चार्जर हा पहिला आरोपी. सगळं काढूनही राहिला तर रेडिओची लाल-काळी वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून सोडवून, फ्यूज घालून, थेट बॅटरीवर न्या.

इथे थांबा

वरचं सगळं झाल्यावर पंधरा डॉलरचा ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाचं सोंग घेणारा ठोकळा, एसडब्ल्यूआर मीटरला अँटेनाच्या केबलऐवजी लावा. मीटर १ च्या जवळ आला तर रेडिओ आणि मीटरची आखूड जोडकेबल शाबूत. नाही आला तर आधी जोडकेबल बदलून बघा. तरीही नाही, किंवा मीटर ठीक पण ताकदच निघत नसेल, तर रेडिओ उघडू नका. आतले स्क्रू फिरवून ताकद वाढवणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका, आणि लिनियर ॲम्प्लिफायर, म्हणजे ताकद वाढवणारा बाहेरचा डबा, तर सरळ बेकायदा आहे.

केबल छताच्या किंवा खांबाच्या अस्तराआडून जात असेल तर ते अस्तर उचकटू नका. काही ट्रकांत तिथे एअरबॅग असते. काही ट्रकांत कंपनीनेच एका डब्यातून रेडिओ-एफएम आणि सीबीचा अँटेना एकत्र केलेला असतो. तो डबा फसला असेल तर डीलरकडेच जावं लागतं. छताला भोक पाडायचं असेल, ट्रक लीजवर असेल, किंवा केबलच्या टोकाला डाख देऊन जोडणी बसवायचा हात नसेल, तर ट्रक स्टॉपवरच्या सीबी दुकानात जा. जाताना तीन चॅनलांचे आकडे आणि कोणकोणत्या जागी बीप आला ते लिहून न्या, नाहीतर तोही पहिल्यांदा नवा अँटेनाच विकेल.

काम झाल्यावर तेच तीन आकडे आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून रेडिओच्या पोटाला चिकटवा. पुढच्या हिवाळ्यात आवाज पडला की आधी ते वाचून परत मोजा. १९ वरचा १.५ आता २.४ झालेला दिसला, की शिडी काढायची आणि कंसाखाली बघायचं.